पोरीला शाब्दिक उदाहरणं जमत नाहीत, सोमवारी चाचणी आहे, लवकर सांगा

तुरीची_शेंग (गुरुवार, रात्री ८:४०)
नमस्कार. पोरगी गणितात अडकून राहिली. बेरीज, वजाबाकी, हातच्याची सगळी बरोबर करते. पाढे १५ पर्यंत पाठ आहेत, मधातून विचारले तरी सांगते. पण शाब्दिक उदाहरण आलं की पेन्सिल धरून बसते, नाहीतर दिसले तेवढे आकडे एकाखाली एक मांडून बेरीज करून टाकते. मागच्या चाचणीत १० पैकी २ आले. सोमवारी परत आहे. कोणती पद्धत शिकवू, कोणतं पुस्तक आणू तेवढं सांगा. मी दिवसभर वेचणीला असते, रात्रीच वेळ भेटते आणि लाईनचा भरवसा नाही.

पैनगंगा_काठ (रात्री ८:५२)
कितवीत आहे? मराठी शाळा की इंग्रजी? एखादं चुकलेलं उदाहरण जसंच्या तसं टाका, तिनं काय लिहिलं तेही टाका.

निवृत्त_गुरुजी (रात्री ९:०५)
पाढे कच्चे असले की पुढचं सगळं ढासळतं. ३० पर्यंत पाढे करून घ्या, रोज पहाटे, मोठ्यानं. त्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीचचे पाढे. ३६ वर्षं शिकवलं मी. आमच्या वेळी चौथीचा पोरगा बाजारात सव्वा रुपया किलोच्या साडेतीन किलोचा हिशेब तोंडी सांगायचा. आता कॉलेजातले पोरंही मोबाईल काढतात.

तुरीची_शेंग (रात्री ९:११)
गुरुजी, पाढे येतात असं वरच लिहिलं आहे. तिले आकडेमोड जमते. काय करायचं तेच समजत नाही.

संत्राबाग (रात्री ९:२०)
सोपं आहे ताई. मी माझ्या मुलाला एक तक्ता करून दिला, भिंतीवर लावा:
एकूण, मिळून, सगळे = बेरीज
उरले, शिल्लक, कमी = वजाबाकी
जास्त, वाढले = बेरीज
प्रत्येकी, पट = गुणाकार
समान वाटले = भागाकार
शब्द दिसला की चिन्ह टाकायचं. सोमवारपर्यंत पाठ होईल.

शाळेची_घंटा (रात्री ९:४४)
संत्राबाग, कृपा करून हा तक्ता देऊ नका. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, याच तक्त्यानं बिघडलेली मुलं दरवर्षी माझ्या वर्गात येतात. हे उदाहरण तुमच्या तक्त्यानं सोडवून पहा: "राजूजवळ ३५ गोट्या आहेत. त्या मीनाच्या गोट्यांपेक्षा १२ ने जास्त आहेत. मीनाजवळ किती गोट्या आहेत?"
'जास्त' दिसलं म्हणून बेरीज केली तर ४७ येतात. खरं उत्तर २३. तक्ता पाठ केलेलं मूल उदाहरण वाचतच नाही, शब्द शोधतं. ताईंची पोरगी तरी बसून राहते, म्हणजे समजत नाही एवढं तिला समजतं. तिच्या हाती तक्ता दिला तर तेही जाईल.

संत्राबाग (रात्री ९:५१)
माझा मुलगा पाचवीत पहिला आला. तुमचं असं उदाहरण शंभरात एखादं येत असेल. परीक्षा चार दिवसांवर आहे, बाईंना लवकर उपाय पाहिजे.

नागपूरकर_७७ (रात्री १०:०२)
हे सगळं २०१९ पासून सुरू झालं. बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' आणलं आणि एकवीस-बावीसची वाट लावली. मुलांना संख्याच बोलता येत नाहीत.

सीमेवरचा (रात्री १०:१५)
पुस्तकात एकवीस काढलं नव्हतं, दोन्ही दिलं होतं. आमचं गाव तेलंगणाला लागून आहे. तेलुगूत २१ ला 'इरवै ओकटि'च म्हणतात, म्हणजे वीस आणि एक. आमच्याकडची ज्या मुलांच्या घरी तेलुगू आहे ती एकवीस ऐकून १२ लिहायची, त्यांना वीस एकनं आधार झाला.

नागपूरकर_७७ (रात्री १०:१९)
मराठीच्या पोरांनी तेलुगूसारखं कशाला बोलायचं?

पैनगंगा_काठ (रात्री १०:२४)
तो वाद दुसरीकडे करा. ताईंनी अजून वर्ग सांगितला नाही.

तुरीची_शेंग (शुक्रवार, रात्री ८:१५)
काल लाईन गेली. चौथीत आहे. गावातली मराठी शाळा. हे उदाहरण चुकलं होतं:
"एका शाळेत २४ मुले आहेत. मुलांना प्रत्येकी ३ वह्या वाटल्या. शाळेत एकूण १०० वह्या आणल्या होत्या, तर किती वह्या उरल्या?"
तिनं २४, ३, १०० एकाखाली एक मांडले आणि १२७ लिहिले. बेरीज बरोबर आहे. मी म्हटलं, बाई, आणल्या १००, वाटून उरल्या १२७ कशा? तर रडायले लागली.

नवोदय_पालक (रात्री ८:३१)
चौथीत आहे तर आतापासून नवोदयच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, मागे लागा. पाचवीत असताना परीक्षा होते, सहावीत प्रवेश. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास. त्यातले ४० बुद्धिमत्तेचे, २० अंकगणिताचे, २० भाषेचे. ग्रामीण भागाला किमान ७५ टक्के जागा राखीव आहेत. आमचा मुलगा लागला, राहणं-जेवण सगळं सरकारचं.

पैनगंगा_काठ (रात्री ८:४०)
१२७ वरून पोरीला बोलू नका ताई. १९८० च्या आसपास फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथं मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुतेक मुलांनी दोन आकड्यांचं काहीतरी करून वय काढून दिलं. वहीत गणित आलं म्हणजे आकड्यांचं काहीतरी करायचंच असतं, हे मुलं शाळेतच शिकतात. तुमच्या पोरीचं डोकं ठीक आहे.

आम्ही घरी पट्ट्या काढतो, सिंगापूरच्या शाळांत ही पद्धत १९८० च्या दशकापासून चालते. राजूची लांब पट्टी, तिच्याखाली मीनाची आखूड, राजूच्या जास्तीच्या तुकड्यावर १२ लिहायचं. ३५ लांब पट्टीला. मग बेरीज की वजाबाकी हे विचारावं लागत नाही, दिसतं.

शाळेची_घंटा (रात्री ९:०२)
पट्टी चांगलीच आहे, पण उदाहरण समजल्याशिवाय पट्टी काढता येत नाही. ताई, आज एकच करा. वही-पेन्सिल बाजूला ठेवा. उदाहरण तिला वाचायला लावा आणि म्हणा, यात काय झालं ते मला सांग. उत्तर विचारू नका. आकडे विसरली तरी चालेल. मग एकेका शब्दावर बोट ठेवा: 'प्रत्येकी' म्हणजे काय? 'उरल्या' म्हणजे काय? ती काय म्हणते ते तिच्या भाषेत इथं लिहा. सुधारू नका.

निवृत्त_गुरुजी (रात्री ९:१०)
चौथीच्या मुलीला 'प्रत्येकी' समजत नाही असं होतं का कधी?

तुरीची_शेंग (शनिवार, रात्री ८:५०)
बाई, तुम्ही म्हटलं तसं केलं. 'उरल्या' तिले बरोबर माहीत होतं. 'प्रत्येकी' विचारलं तर लगेच म्हणाली, "तीन वह्या वाटल्या, सगळ्या पोट्ट्यायले मिळून." मले धक्का बसला. हा शब्द आम्ही घरी कधी बोलतच नाही. आम्ही एकेकाले म्हणतो.

मग सुपात तुरीचे दाणे घेतले. म्हटलं, हे पोट्टे, एकेकाले तीन वह्या दे. पाच पोट्ट्यायच्या पुढं तीन-तीन दाणे ठेवले आणि थांबली. म्हणाली, "हे तर २४ त्रिक." ७२ तोंडानं सांगितले. १०० मधून २८ उरल्या हे मी सांगायच्या आधीच बोलली. तीन वर्षांपासून तो शब्द वाचते आहे ती. मीही कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी विचारलं नाही.

संत्राबाग (रात्री ९:०३)
म्हणजे शब्दाचा अर्थच पाठ करायचा ना? मग माझा तक्ता आणि यात फरक काय?

शाळेची_घंटा (रात्री ९:१५)
तुमच्या तक्त्यात 'प्रत्येकी'पुढं गुणाकाराचं चिन्ह आहे. ताईंच्या पोरीला 'प्रत्येकी'पुढं एकेक पोरगा आणि त्याच्या हातातल्या तीन वह्या दिसल्या. "७२ वह्या २४ मुलांना वाटल्या, प्रत्येकी किती?" यात तोच शब्द आहे आणि भागाकार करावा लागतो.

नागपूरकर_७७ (रात्री ९:२२)
पेपर वऱ्हाडीत येणार नाही. घरी 'एकेकाले' शिकवाल तर मुलगी मागेच राहील. प्रमाण मराठीची सवय आतापासून लावा.

मेळघाट_पायवाट (रात्री ९:४०)
मी धारणीकडे शिकवतो. माझी मुलं घरी कोरकू बोलतात, त्यांना अख्खं पुस्तकच परकं. आधी त्यांच्या बोलीत गोष्ट सांगायला लावतो, मग तीच गोष्ट पुस्तकाच्या शब्दांत. दोन्ही फळ्यावर शेजारी-शेजारी लिहितो. बोली वगळून नुसतं प्रमाण मराठीत शिकवून पाहिलं आहे मी, दोन वर्षं. मुलं हुबेहूब वाचून दाखवायची, विचारलं की गप्प.

तुरीची_शेंग (रविवार, रात्री ७:५५)
आज तिले वावरात नेलं. संध्याकाळी गाठोडे ताणकाट्यावर लागतात तेव्हा मुकादमाच्या बाजूला उभी केली. तिच्या मावशीचा कापूस ३८ किलो भरला. म्हटलं, मावशीचा माझ्यापेक्षा ६ किलोनं जास्त आहे, माझा किती? पहिले ४४ म्हणाली. मग माझ्या गाठोड्याकडे पाहिलं, मावशीच्या गाठोड्याकडे पाहिलं. "नाही, तुझं तर लहान आहे. ३२." काटा लावला तर ३२ च भरला. गोट्यांचं उदाहरण रात्री दिलं, २३ लिहिले.
उद्या चाचणी आहे.

तुरीची_शेंग (सोमवार, रात्री ८:२०)
१० पैकी ६ आले. चुकलेल्या चारपैकी तीन दोन पायऱ्यांचे आहेत. पहिली पायरी बरोबर करते आणि तिथंच थांबते. वह्यांसारखंच होतं एक, ७२ काढून तेच उत्तर लिहिलं. याले काय करू?

शाळेची_घंटा (रात्री ८:४५)
सहा आले हे तिला सांगितलं ना? दोन पायऱ्यांसाठी तिला शेवटची ओळ आधी वाचू द्या. हिशेब करायच्या आधी उत्तराचं वाक्य अर्धं लिहून घ्यायचं: "____ वह्या उरल्या." जागा रिकामी. ७२ आले की ते त्या जागी ठेवून वाचायचं. वाटलेल्या ७२, उरलेल्या नाहीत, हे तिचं तिला ऐकू येईल. रोज दोनच उदाहरणं द्या, जास्त नको. आणि एक तिनं स्वतः तयार करायचं, वेचणीवरचं, किराण्यावरचं, कशावरही. ते तुम्ही सोडवायचं.

तुरीची_शेंग (रात्री ८:५१)
आजचं तिनं आत्ताच केलं. "आईनं ३२ किलो कापूस वेचला. किलोले १० रुपये. दुकानाची उधारी १८० रुपये. तर वहीसाठी पैसे उरतील का?" मी सोडवून राहिली.

डबेवाला_वणी (रात्री ९:१०)
इथंच विचारतो. माझा मुलगा तिसरीत आहे, घड्याळात सव्वातीन आणि पावणेतीन यात दर वेळेस घोळ करतो. काय करावं?

निवृत्त_गुरुजी (रात्री ९:१२)
पाव, अर्धा, पाऊण पक्कं नाही त्याचं. मी सांगतो. आधी एक भाकर घ्या आणि तिचे चार तुकडे करा.