प्रवासाचे कार्ड प्रत्येकाने का घ्यावे?

हिशेबी: ‘वार्षिक शुल्क पाच हजार असले तरी प्रत्येकाने प्रवासाचेच क्रेडिट कार्ड घ्यावे, विमानतळावरचे लाउंज (आरामकक्ष) आणि खर्चावर मिळणाऱ्या पॉइंटांतून ते वसूल होते,’ हे मुसाफिर यांचे कालचे विधान वाचून राहवले नाही. जीएसटी धरून ते शुल्क 5,900 रुपये होते. सरसकट एक टक्का परतावा धरला, तर तेवढे परत मिळण्यासाठी वर्षाला 5,90,000 रुपये खर्चावे लागतील. ज्याचा पैसा किराणा, वीजबिल आणि पेट्रोल यांतच जातो, त्याने आधी बारा महिन्यांची स्टेटमेंटे काढून बसावे आणि मगच कार्ड निवडावे.

मुसाफिर: वडिलांच्या उपचारांसाठी मी वर्षभर नागपूर-मुंबई ये-जा केली. विमान रात्री चार तास रखडले, तेव्हा त्यांना लाउंजमध्ये टेकता आले. ते मोल तुमच्या टक्केवारीत बसत नाही.

भाजीमंडई: माझा निम्मा खर्च क्यूआरवर होतो. यूपीआयला जोडता येणारे रुपे क्रेडिट कार्ड मला त्यामुळेच सोयीचे पडते, पण त्याचा विचार इथे कोणीच करत नाही.

पोळलेला: पॉइंटांआधी व्याजाचे बोला. नोकरी गेली तेव्हा माझी थकबाकी 60,000 होती आणि मी ‘किमान देय’ म्हणून 3,000 भरत राहिलो. दरमहा साडेतीन टक्क्यांनी 2,100 रुपये व्याज आणि त्यावर 378 रुपये जीएसटी गेल्यावर पहिल्या महिन्यात मुद्दल फिटली ती अवघी 522 रुपयांची. शिवाय थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागले.

मुसाफिर: हा धागा कार्डाच्या निवडीचा आहे, तुमच्या बेशिस्तीचा नव्हे.

पोळलेला: नोकरी जाणे ही बेशिस्त नव्हे, शब्द मागे घ्या! पूर्ण बिल दरमहा भरता येईल की नाही, हाच निवडीतला पहिला प्रश्न आहे. ज्याला खात्री नाही त्याने पॉइंट पाहूच नयेत.

हिशेबी: हे मी आधीच लिहायला हवे होते. 42 टक्के वार्षिक व्याजापुढे कोणताही परतावा टिकत नाही.

मुसाफिर: ‘बेशिस्त’ हा शब्द मागे घेतो. ‘प्रत्येकाने’ हा शब्दही चुकला, एवढे मान्य करतो. माझे कार्ड मात्र मी बंद करणार नाही. वडिलांची पुढची तपासणी महिनाअखेरीस आहे.