खड्ड्यात पडलं तर भरपाई, कुत्रा चावला तर फक्त इंजेक्शन?

पोळीवालीची लेक

माझी आई नाशिकच्या इंदिरानगरात पाच घरी पोळ्या करते. गेल्या महिन्यात सकाळी सहाच्या सुमारास पहिल्या घरी निघाली होती. कचऱ्याच्या कोपऱ्यावर तीन कुत्री अंगावर आली. एकानं पदर धरला, तो सोडवायला गेली तर दुसऱ्यानं उजवं मनगटच पकडलं. शेजारच्या आजी हळद-चुना घेऊन धावत आल्या. मी लावू दिलं नाही. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं हात धरून ठेवला आणि मग सरकारी दवाखाना गाठला. रेबीजची लस फुकट मिळाली. जखम खोल होती म्हणून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजवर लगेच काम करणारं औषध, थेट जखमेत टोचलं. ते टोचताना आईनं माझा दंड असा आवळला की दुसऱ्या दिवशीही तिच्या बोटांचे वळ दिसत होते. डॉक्टर आणि सिस्टर भले होते, त्यांच्याबद्दल काहीच म्हणायचं नाही.

प्रश्न त्यानंतरचा आहे. लसीसाठी चार फेऱ्या, प्रत्येक वेळी रिक्षा. लाटणं धरलं की मनगटातून कळ जाते. दोन घरांनी दुसरी बाई लावली, म्हणजे महिन्याचे साडेचार हजार गेले. याचा अर्ज कुठं करायचा म्हणून विचारायला गेले, तर समोरचा म्हणाला, "कुत्रा कोणाचा होता?" कोणाचाच नाही म्हटल्यावर, "मग भरपाई कोणाकडे मागणार?"

माझं म्हणणं सरळ आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यांमुळे मृत्यू झाला तर 6 लाख आणि जखमी झालं तर 50 हजार ते अडीच लाख अशी भरपाई ठरवून दिली. खड्डा कोणी मुद्दाम खणत नाही, तरी जबाबदारी ठरलीच ना? मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हेही 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेचंच काम आहे. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं तर नोव्हेंबर 2023 मध्येच दर सांगितला: दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान 10 हजार, आणि मांस निघालं असेल तर जखमेच्या दर 0.2 सेंटिमीटरला किमान 20 हजार. तोच दर आपल्याकडे लावा. दात मोजा आणि पैसे द्या. पोळ्या लाटणाऱ्या बाईला कोर्टाच्या पायऱ्या का चढायला लावता?

गल्लीतली मावशी

ताई, आईंच्या हाताबद्दल वाचून वाईट वाटलं. तरी तुमच्या मागणीला माझा विरोध आहे.

आठ वर्षं मी आमच्या भागातली कुत्री नसबंदीसाठी पकडून देते. चावणारं कुत्रं बहुतेक वेळा घाबरलेलं असतं, नाहीतर पिल्लांची आई असते. आमच्या गल्लीत नऊ कुत्री होती. नऊही जणांची शस्त्रक्रिया झाली, त्याची खूण म्हणून कानाला कट पडला, लस झाली आणि ती परत त्याच जागी आली. तेव्हापासून रात्रीची भांडणं थांबली, गाड्यांमागं धावणं थांबलं. भरपाईचे पैसे येणार कुठून? आपल्याच घरपट्टीतून. म्हणजे ज्या पैशात शस्त्रक्रिया व्हायच्या तेच पैसे चावल्यावर वाटायचे. पुढच्या वर्षी कुत्री जास्त, चावे जास्त, वाटपही जास्त.

आणि मला खरी भीती वेगळीच आहे. एका चाव्याला लाखभर रुपये मोजायची पाळी आली की कोणीतरी गुपचूप विष घालायला लागेल. भाकरीत कालवलेलं विष खाल्लेलं कुत्रं मी मांडीवर घेतलंय. चार तास लागतात मरायला.

पाथर्डी फाटा

जे रोज बिस्किटं घालतात त्यांच्याकडून वसूल करा की. आमच्या सोसायटीच्या गेटवर रोज रात्री दहाला भात ओततात. पोरं क्लासवरून येतात तेव्हा तिथं आठ-दहा कुत्री बसलेली असतात. प्रेम करायचं तर घरी नेऊन करा.

गल्लीतली मावशी

गेटवर ओतणं चूकच आहे, मीही तेच सांगत फिरते. सर्वोच्च न्यायालयानं 22 ऑगस्ट 2025 ला रस्त्यात कुठंही खायला घालायला मनाई केली आहे, ठरवून दिलेल्या जागीच घालायचं. तुमच्या सोसायटीत जागा ठरवायची बैठक घ्या, मी येते. पण घास घातला म्हणून माणूस कुत्र्याचा मालक होत नाही.

सीबीएसचा वकील

दोन गोष्टींची गल्लत होतेय, म्हणून लिहितो.

कुत्रा पाळीव असेल तर वाट सोपी आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 291: प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय मालकावर नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही होतो. इथं पुष्कळ लोक शेजारधर्म म्हणून गप्प बसतात आणि उपचाराचा खर्च स्वतः सोसतात.

मोकाट कुत्र्याच्या बाबतीत जबाबदारी धरायची ती कर्तव्यात कसूर झाल्याबद्दल. त्यासाठी एक कलम लक्षात ठेवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 487 प्रमाणे दाव्याआधी लेखी नोटीस देऊन एक महिना थांबावं लागतं, आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. माझ्याकडे लोक येतात ते वर्ष उलटून गेल्यावर. जखम बरी होईपर्यंत कागदाची आठवणच येत नाही.

पोळीवालीची लेक, तुमच्या आईंना वकिलाच्या फीची काळजी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलेला उत्पन्नाची अट नसते, वकील मोफत मिळतो. 15100 वर फोन करूनही विचारता येतं.

मात्र "दात मोजा" हे मला पटत नाही. तोच दात निवृत्त माणसाच्या पोटरीला लागला तर आठ दिवसांत विषय संपतो. तुमच्या आईंच्या मनगटाला लागला तर रोजी जाते. दोघांना दहा-दहा हजार हा न्याय नव्हे. केरळसाठी सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली. तिथं माणूस अर्ज करायचा आणि त्याचं प्रकरण स्वतंत्र तपासलं जायचं. मला ती पद्धत जास्त योग्य वाटते.

निफाडकर

आमच्याकडे बिबट्याचं भय. बिबट्यानं माणूस मारला तर शासन 25 लाख देतं, जनावर मारलं तरी भरपाई आहे. ती मिळते कशी, तर वनखात्याचे लोक येतात, ठसे बघतात, पंचनामा करतात. माझ्या चुलत्याच्या दोन शेळ्या मेल्या. पंचनाम्यात ठसे कुत्र्यांचे निघाले आणि प्रकरण तिथंच मिटलं. शेळ्या तर तशाच मेल्या होत्या ना?

दर किती ते नंतर भांडा. आधी कुत्रा चावल्यावर पंचनामा कोण करणार ते ठरवा. पंचनामा नाही तर पैसा नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

पोळीवालीची लेक

निफाडकर काका, हेच मला सांगता येत नव्हतं. त्या दिवशी आमच्याकडे कोणी आलं नाही, जागा बघितली नाही, कुत्री कुठली ते विचारलं नाही. केसपेपरवर "डॉग बाइट" एवढे दोन शब्द, बाकी काही नाही.

वकीलसाहेब, दाताच्या दराचं तुमचं मानते. आईच्या मनगटावर चारच खुणा आहेत, मोजल्या तर चाळीस हजार. पण परवा तिनं घरी एक पोळी लाटायला घेतली तर एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ झाली. तिनं ती गोळा करून परत परातीत टाकली आणि काही न बोलता उठली. तीस वर्षांत तिची पोळी कधी वाकडी झाली नव्हती. हे कुठल्या सेंटिमीटरमध्ये बसवायचं? तेव्हा दर नको, कमाई बघा. पण एक मुदत हवीच. त्या पंजाबच्या निकालात चार महिन्यांत निर्णय द्यायला सांगितलंय, आणि पैसे आधी राज्यानं द्यायचे, मग ज्याची चूक त्याच्याकडून वसूल करायचे. ते दोन्ही मला हवंय.

मावशी, विषाचं वाचून मला झोप लागली नाही. पण नसबंदीचे पैसे भरपाईत जातील हे मान्य नाही. नसबंदी न केल्याची किंमत आजही कोणीतरी मोजतंयच. ती माझी आई मोजतेय. ती किंमत जबाबदार माणसाच्या टेबलावर बिल होऊन गेली, तरच शस्त्रक्रिया वेळेवर होतील असं मला वाटतं.

घटनेला पाच आठवडे झाले. सोमवारी अकरा वाजता सीबीएस बसस्थानकासमोर न्यायालयात विधी सेवेच्या कार्यालयात जाणार आहे. केसपेपर, लसीचं कार्ड, पहिल्या दिवसाचे फोटो घेतलेत. दोन घरांपैकी एका काकूंनी, आई किती वर्षं कामाला होत्या आणि पगार किती होता, ते लिहून द्यायचं कबूल केलंय.

सीबीएसचा वकील

रिक्षाचं भाडं तारीखवार वहीत लिहून काढा. फाटलेली साडी टाकू नका.

गल्लीतली मावशी

माझा विरोध अजून आहे. पण तुम्ही सांगता तो कचऱ्याचा कोपरा मला माहीत आहे. तिथल्या तीनपैकी दोन कुत्र्यांच्या कानाला कट नाही, म्हणजे त्यांची शस्त्रक्रिया झालेलीच नाही. जानेवारीपासून मी त्यांच्यासाठी तीनदा लेखी कळवलंय, पोचपावत्या आहेत, फोटोही तारखेसकट आहेत. सोमवारी साडेदहाला गेटपाशी थांबते.