मध्ययुगातलं यात्रेकरूंचं हॉस्पिटल म्हणजे नक्की काय?

राजवाडा_इंदूर: अहिल्याबाईंच्या धर्मशाळांबद्दल वाचत होतो, त्यात कुणीतरी इंग्लंडमधल्या विंचेस्टरच्या सेंट क्रॉस हॉस्पिटलचा विषय काढला. तिथे खरंच औषधपाणी चालायचं की नुसतं राहणं-जेवण?

माळवी_मावशी: मुख्य म्हणजे राहणं-जेवणच रे. बिशप हेन्री ऑफ ब्लॉय यांनी ११३० च्या दशकात सुरू केलं, आधाराशिवाय उभंही राहता येत नाही अशा १३ गरीब माणसांना आसरा, शिवाय रोज १०० गरिबांना जेवण, आणि चर्च आवारातच, कारण प्रार्थनेशिवाय सेवा पुरी होते असं त्या लोकांना वाटतच नसे. मला सगळ्यात भावतं ते हे की दारात आलेल्या वाटसरूने मागितलं तर पावाचा तुकडा आणि थोडी बिअर आजही मिळते, इतक्या शतकांनंतर!

पलासियाकर: कँटरबरीचं ईस्टब्रिज पण बघा. ११७० मध्ये आर्चबिशप थॉमस बेकेटचा कॅथेड्रलमध्येच खून झाला, मग समाधीच्या दर्शनाला रीघ लागली, त्यातल्या गरीब यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी ते. पुढे तिथेच म्हाताऱ्यांना घरं दिली.

राजवाडा_इंदूर: मस्त माहिती, थँक्स! आणि खर्च कसा भागायचा?

माळवी_मावशी: बहुतेक दान मिळालेल्या जमिनींच्या उत्पन्नावर. आपल्याकडे देवस्थानांना इनाम असायचे ना, तसंच.