एम.टेक.साठी नेटवर्किंगचं पुस्तक सुचवा (बजेट २०००, इंदूर)

पीथमपूर_बस
नमस्कार मंडळी. पीथमपूरला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स करून बरीच वर्षं झाली, आता पार्टटाइम एम.टेक.ला ॲडमिशन घेतलीये आणि पहिल्याच सेमिस्टरला डेटा कम्युनिकेशन अँड कॉम्प्युटर नेटवर्क्स आलंय. नेटवर्कच्या सात लेयरची (थरांची) नावं येतात, त्यापुढे सगळा आनंद. एकच पुस्तक घ्यायचंय, जास्तीत जास्त २०००. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅमवाला. वाचायला वेळ म्हणाल तर जाता-येता कंपनीच्या बसमध्ये, त्यामुळे मोबाइलवर पीडीएफ नको, डोकं दुखतं. आणि गणित किती लागतं? माझं प्रोबॅबिलिटी पार गंजलंय.

टॉपडाऊन_टिल्लू
डोळे मिटून कुरोस-रॉसचं पुस्तक घ्या. वरून खाली शिकवतात, म्हणजे आधी वेब, ईमेल, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणं), मग टीसीपी (डेटा न हरवता पोचवणारा प्रोटोकॉल), मग राउटिंग आणि लिंक लेयर त्याच्याही नंतर. रोज वापरतो तेच आधी येतं म्हणून कंटाळा येत नाही. लेखकांच्या साइटवर वायरशार्कच्या (नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लॅब आणि लेक्चरचे व्हिडिओ फुकट आहेत. याच एका पुस्तकावर मी इंटरव्ह्यू मारला, आता बंगळूरला आहे. टॅनेनबॉम मात्र चुकूनही घेऊ नका, उशाला घ्यायला बरा.

सुदामानगरकर
पुस्तक नंतर बघू, आधी तो लॅपटॉप बदला. ४ जीबीत आजकाल ब्राउझर धड उघडत नाही. १६ जीबी, एसएसडीवाला घ्या, सत्तर-पंचाहत्तर हजारात मिळून जाईल. माझ्या मुलाला मागच्या दिवाळीला तोच घेऊन दिला, एकदम मक्खन चालतो.

पीथमपूर_बस
काका, बजेट २००० लिहिलंय.

सुदामानगरकर
हप्त्यावर घ्या ना.

जुना_एक्स्चेंज
आमची उमर टेलिफोन खात्यात गेली म्हणून चार शब्द लिहितो. टिल्लू म्हणतात ते पुस्तक चांगलं असेल, पण त्यात फिजिकल लेयरला (तारेवरून प्रत्यक्ष सिग्नल जातो तो थर) वेगळा चॅप्टरच नाही. तुमच्या पेपरच्या नावात पहिला शब्दच डेटा कम्युनिकेशन आहे, एन्कोडिंग, मॉड्युलेशन, मल्टिप्लेक्सिंग कुठून वाचणार? त्याला फोरोझान घ्या, चित्रं भरपूर. आजकालच्या पोरांना वायफायचा पासवर्ड म्हणजे नेटवर्किंग वाटतं.

टॉपडाऊन_टिल्लू
काका, मॉडेमचा जमाना गेला. बॉड रेट आणि बिट रेट एकच, ते वाचायला वेगळं पुस्तक कशाला?

जुना_एक्स्चेंज
एकच? अहो, २४०० बिटवाला व्ही.२२बिस मॉडेम लाइनवर सेकंदाला फक्त ६०० सिम्बॉल, म्हणजे सिग्नलचे ठोके, पाठवायचा. प्रत्येक सिम्बॉलमध्ये ४ बिट, कारण १६ प्रकारचे सिम्बॉल. ६०० बॉड, २४०० बिट. बंगळूरला हे विचारत नाहीत वाटतं.

पीथमपूरवाले, तुम्ही एक करा. टेलिफोन लाइनची बँडविड्थ ३००० हर्ट्झ धरा, सिग्नल टु नॉइज ३० डीबी, म्हणजे हजार पट. आता १९४८ चं शॅननचं सूत्र (लाइनवरून जास्तीत जास्त किती बिट जातील ते सांगणारं) लावा, उत्तर सेकंदाला ३०,००० बिटच्या आसपास येईल. लाइन थोडी बरी असली की थोडं वर. साधे मॉडेम ३३.६ केपर्यंत येऊन का थांबले ते मग कळतं. ५६ के आले ते पलीकडचं टोक थेट डिजिटल लाइनवर होतं म्हणून, आणि तेही फक्त डाउनलोडला. हे एकदा हाताने सोडवलं की फिजिकल लेयर पाठ करावा लागत नाही.

टॉपडाऊन_टिल्लू
बरं, बॉडचं मान्य. पण फोरोझान बी.ई.वाल्यांचं पुस्तक आहे, एम.टेक.ला कोण वाचतं.

भंवरकुवा_पीडित
कोणाच्या नादी लागून क्लास तेवढा लावू नका. भंवरकुव्याकडे एका ठिकाणी मी २२ हजार भरले, ॲडव्हान्स्ड नेटवर्किंग म्हणून. निम्मा कोर्स केबलला जॅक कसा लावायचा यातच गेला. नारंगी-पांढरा, नारंगी, हिरवा-पांढरा, निळा... अजून झोपेत म्हणतो. सबनेटिंग (मोठ्या नेटवर्कचे छोटे भाग पाडणं) आलं तेव्हा सर लग्नाला गेले ते गेलेच.

राजवाडा_रिटर्न
नवीन पुस्तक घेताच कशाला? खजुरी बाजारात जा, जुन्या आवृत्त्या मिळून जातात. फोरोझान तर ढिगाने असतं. आत पानं फाटलीत का ते बघून घ्या, दुकानदार वरचीच चांगली बाजू दाखवतो.

सुदामानगरकर
खजुरी बाजारात गाडी लावून दाखवा, मी तुम्हाला लॅपटॉप घेऊन देतो.

राजवाडा_रिटर्न
पुस्तक आणायला गाडी कशाला न्यायची काका? राजवाड्याला उतरा आणि चालत जा.

पॅकेट_लॉस
मी दोन वर्षांपूर्वी एम.टेक. केलं, पेपर बघून सांगतो. व्याख्यांना तिथे फार मार्क नसतात. विचारतात काय, तर डिले काढा, थ्रूपुट (प्रत्यक्ष मिळणारा स्पीड) काढा आणि हा प्रोटोकॉल असाच का, ते लिहा. म्हणून गणिताचं आधी सांगतो. पॉइसॉन, एक्स्पोनेन्शियल, मार्कोव्ह चेन आणि लिटिलचा नियम, एवढं घासून घ्या. बाकी मग ओढत ओढत होऊन जातं.

एक उदाहरण बघा. लिंक सेकंदाला सरासरी १००० पॅकेट (डेटाचे तुकडे) पाठवू शकते. एम/एम/१ मॉडेलमध्ये (एक रांग, एकच खिडकी) सरासरी डिले म्हणजे १ भागिले (सर्व्हिस रेट वजा अरायव्हल रेट). सेकंदाला ५०० पॅकेट आली तर २ मिलिसेकंद. ९०० आली तर १०. ९९० आली तर १००! लोड ९० टक्क्यांवरून ९९ वर गेला आणि डिले दहा पट. हे कळलं की राउटर फुल व्हायच्या आधीच नेटवर्क का रडतं ते कळतं, आणि बाकीचा अर्धा सिलॅबस याचीच औषधं आहे.

बर्टसेकास-गॅलेगरचं पुस्तक यासाठी बेस्ट. १९९२ ची आवृत्ती आहे, पण क्यूइंगचं (रांगांचं) गणित काही बदललेलं नाही. लेखकाच्या एमआयटीच्या पानावर पीडीएफ फुकट आहे.

पीथमपूर_बस
पीडीएफ नको म्हटलं होतं हो. पण ते ९९० वालं उदाहरण मी वहीत हाताने करून पाहिलं, पहिल्यांदाच काहीतरी डोक्यात शिरलं.

टॉपडाऊन_टिल्लू
हेच कुरोस-रॉसच्या पहिल्या चॅप्टरमध्ये आहे.

पॅकेट_लॉस
लोड वाढला की डिले चढतो एवढा ग्राफ आहे. सूत्र कुठून आलं ते नाही. एम.टेक.ला ते काढायला लावतात. असो. आणखी एक, एम.टेक.ला मूळ रिसर्च पेपर वाचायची सवय लावा, सुरुवात जेकबसनच्या १९८८ च्या, नेटवर्क जामवरच्या पेपरने करा. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये बर्कली लॅब ते बर्कली युनिव्हर्सिटी, अंतर ४०० यार्ड, तिथला स्पीड ३२ केबीपीएसवरून थेट ४० बीपीएसवर आला. ४० के नाही, नुसते ४०! जाम असताना सगळी मशीनं तेच तेच पॅकेट पुन्हा ढकलत होती. स्लो स्टार्ट (हळू सुरुवात करून स्पीड वाढवणं) वगैरे त्यातून आलं. पुस्तकात हे अर्ध्या पानात उरकतात, पेपरमध्ये ग्राफसकट दिसतं. गोष्टीसारखा वाचून होतो.

रामबागवाली
लॅपटॉपबद्दल कोणीच धड सांगत नाहीये म्हणून लिहिते. ४ जीबी चालेल. पॅकेट ट्रेसर (नेटवर्कचा सिम्युलेटर) आरामात चालतं, सिस्कोच्या ॲकॅडमीवर नाव नोंदवलं की फुकट मिळतं. जीएनएस३ च्या वाटेला जाऊ नका, त्यात राउटरच्या खऱ्या इमेज चालवाव्या लागतात, मशीन बसून जाईल. त्यापेक्षा उबंटू टाका आणि मिनिनेट (लॅपटॉपमध्येच आभासी नेटवर्क उभं करणारं) घ्या. त्यातले सगळे होस्ट (मशीनं) एकाच कर्नलवर चालतात म्हणून हलकं आहे.

मग दोन होस्ट करा, मध्ये १०० एमबीपीएसची लिंक ठेवा, नेटेमने (मुद्दाम डिले-लॉस टाकणारं लिनक्सचं टूल) जाऊन-येऊन १०० मिलिसेकंदांचा डिले आणि १ टक्का लॉस टाका आणि टीसीपी रेनोवर (टीसीपीचा जुना प्रकार) ठेवून आयपर्फ (स्पीड मोजणारं टूल) चालवा. स्पीड दीड एमबीपीएसच्या आसपास येऊन बसेल. लिंक १०० ची, नव्व्याण्णव टक्के पॅकेट नीट जातायत, तरी दीड! हे का होतं ते शोधण्यात माझा एक रविवार गेला, पण व्हायवाला सरांनी नेमकं तेच विचारलं. वायरशार्क सोबत उघडं ठेवा, रीट्रान्समिशन काळ्या पट्ट्यात दिसतात. आणि टीसीपीसाठी १९८१ चा आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ७९३ कोणी दिला तर घेऊ नका, २०२२ ला ९२९३ ने त्याची जागा घेतली. आमच्या नोट्समध्ये अजून जुनाच होता.

सुदामानगरकर
ताई, चालतं आणि मक्खन चालतं यात फरक आहे.

जुना_एक्स्चेंज
रामबागवाली ताईंनी चांगलं लिहिलंय. पण फोरोझान तरी घ्याच.

भंवरकुवा_पीडित
आणि क्लास नको.

पीथमपूर_बस
सगळ्यांचे आभार. काल खजुरी बाजारात जाऊन आलो, चालत. फोरोझान होतं, पण त्यात आधीच्या मालकाने प्रत्येक ओळ पिवळी करून ठेवलेली, न केलेल्याच ओळी उठून दिसत होत्या. कुरोस-रॉस जुनं मिळालं नाही आणि नवीन घेतलं तर हातात काही उरत नव्हतं. शेवटी टॅनेनबॉमची पाचवी आवृत्ती घेतली, ३५० ला. टिल्लूभाऊ, रागावू नका. खालून वर जातो, फिजिकल लेयर व्यवस्थित आहे आणि मुख्य म्हणजे गप्पा मारत लिहिलंय, बसमध्ये वाचता येतं. आज बस राऊला येईपर्यंत अलोहा (सगळ्यांनी एकच चॅनेल वाटून घ्यायचा प्रोटोकॉल) झालं, जास्तीत जास्त थ्रूपुट प्युअरचं १८.४ टक्के आणि स्लॉटेडचं ३६.८ कसं येतं ते सूत्रासकट कळलं, म्हणजे पॉइसॉनपण थोडं वर आलं.

उरलेल्या पैशात जुनी ४ जीबीची रॅम टाकून घेतली, आता ८ झाली. उबंटू आज रात्री. क्यूइंगसाठी पॅकेट_लॉस सांगतात त्या पीडीएफमधला तेवढा चॅप्टर डोकं धरून वाचेन.

टॉपडाऊन_टिल्लू
एवढं विचारलंत आणि शेवटी टॅनेनबॉम. मग धागा काढलाच कशाला?

पॅकेट_लॉस
नेमका तिसरा चॅप्टर वाचा, डिले मॉडेल्सचा. आणि अडलात तर इथेच लिहा, माझी वही अजून आहे.

राजवाडा_रिटर्न
३५०? मला पाचवी आवृत्ती साडेचारशेच्या खाली कोणी दिली नव्हती. दुकान कोणतं ते लिहा.