शब्दचर्चा : अँपचा आवाज ‘फुटतो’ की ‘फाटतो’?

बोरूबहाद्दर : पाच वॉटच्या ट्यूब गिटार अँपच्या (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरच्या) माहितीपुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. एका वाक्यावर गाडी अडली. व्हॉल्यूम अर्ध्यापुढे नेला की या अँपचा ‘ब्रेकअप’, म्हणजे स्वर खरबरीत होणं, सुरू होतो, आणि तो हवाच असतो; छोटा अँप लोक त्यासाठीच घेतात. मी लिहिलं, ‘अर्ध्यापुढे आवाज फुटू लागतो’. तपासनिसांनी खोडून ‘फाटू लागतो’ केलं. त्यांच्या मते ‘आवाज फुटणे’ म्हणजे घशातून आवाज निघणे. पण फाटणं म्हणजे बिघाड ना? काय ठेवू?

तारसप्तक : फुटणे ठेवा. वयात येणाऱ्या मुलाचा आवाज फुटतो, तो बिघाड नसतो. कर्ण्याचा आवाज फाटतो, आणि तेव्हा लोक कानांवर हात ठेवतात.

सोल्डरवाला : दुरुस्ती करताना हा भेद पाळावाच लागतो. फुटणं ट्यूबमध्ये होतं : सिग्नल मोठा झाला की लाटेचे माथे दबतात. तार हलकी छेडली तर स्वर स्वच्छ, जोरात छेडली तर खरबरीत. फाटणं स्पीकरमध्ये होतं : कोनला (स्पीकरच्या हलत्या पडद्याला) चीर गेलेली असते किंवा व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) घासत असते, आणि मग हळू वाजवलं तरी काही स्वर फरफरतात. अँप बंद करून दोन्ही अंगठ्यांनी कोन सारख्या दाबाने आत ढकलून बघा. घासल्याचं बोटांना जाणवलं तर ट्यूबा बदलून काही होणार नाही.

शुद्धमती : डिस्टॉर्शनला ‘विरूपण’ हा सरळ शब्द असताना ही फोडाफोडी कशाला? शिवाय अँप नव्हे विवर्धक, ट्यूब नव्हे निर्वात नलिका, ट्रान्सफॉर्मर नव्हे रोहित्र.

सोल्डरवाला : रोहित्र म्हटलं की खांबावरचं धूड डोळ्यांसमोर येतं. अँपमधलं आउटपुटचं रोहित्र तळहातावर मावतं. आणि विरूपणात चांगलं-वाईट, ट्यूबचं-स्पीकरचं, सगळं एकाच पोत्यात जातं.

शुद्धमती : वापरला नाही तर शब्द खांबावरच राहणार. धारित्र (कपॅसिटर), रोध (रेझिस्टर) हे शब्द पाठ्यपुस्तकांतून चालतातच की.

तारसप्तक : माझी सूचना ‘जवारी’. तंबोऱ्याची जवारी लागली की मूळ स्वरावर वरच्या स्वरांची झालर चढते. फुटलेल्या अँपमध्येही वरचे स्वर वाढतात. जवारी हा शब्द ‘जीव’वरून आलाय म्हणतात, स्वरात जीव येतो म्हणून.

ऋणाग्र : व्युत्पत्ती कानाला गोड आहे, एवढंच म्हणतो. जवारी इथे चालणार नाही. ती घोडीच्या उतारावर आणि धाग्यावर ठरते, तार हलकी छेडली तरी असते. अँपचं फुटणं छेडण्याच्या जोरावर अवलंबून. शिवाय जवारी लागलेल्या दोन तारा एकत्र छेडल्या तर झंकार वाढतो. फुटलेल्या अँपवर दोन स्वर एकत्र वाजवले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवेच स्वर निघतात. म्हणून पाचवा स्वर बरा लागतो, पण तिसऱ्यासकट भरलेला कॉर्ड (एकत्र वाजवलेले अनेक स्वर) चिखल होतो.

नवखा६ : शब्दांचं ठरेल तेव्हा ठरो. पाच वॉटचा अँप आहे, फुटतो फार लवकर. पंधरा वॉटचा घेऊ की आहे त्यातच काही करू?

सोल्डरवाला : पाचाचे पंधरा केले तर वाढ पावणेपाच डेसिबलची. तेवढ्याने आवाज दुप्पट वाटत नाही. दुप्पट वाटायला सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. आधी स्पीकर बघा. 94 डेसिबल संवेदनशीलतेचा काढून 100 चा लावला की अँपची ताकद चौपट केल्यासारखं होतं. अँप आणि स्पीकरचे ओहम जुळवा, आणि स्पीकर अँपच्या दुप्पट वॉटचा तरी हवा, कारण पूर्ण फुटलेला अँप नोंदलेल्या वॉटपेक्षा बराच जास्त देतो. स्पीकर न जोडता मात्र वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

ऋणाग्र : स्पीकरने आवाज मोठा होईल, फुटण्याची जागा तीच राहील. त्यांना उशिरा फुटायला हवंय. पहिली ट्यूब, 12एएक्स7, काढून 12एवाय7 लावा. पिना त्याच, वर्धनांक (ट्यूब सिग्नल किती पट वाढवू शकते तो आकडा) 100 ऐवजी 44च्या आसपास. सोल्डरिंगची गरज नाही.

सोल्डरवाला : अहो, मोठा झाला की तेवढ्याच आवाजासाठी बटण खाली येतं आणि स्वर स्वच्छ राहतो! तुमच्या उपायात बटण फक्त पुढे सरकतं. स्पीकरला ताकद देणारी 6व्ही6 ट्यूब जिथे दमते तिथेच दमणार.

ऋणाग्र : बटणाला निदान उपयोगी फिरणं तरी मिळतं. लवकर फुटायला हवं असणाऱ्यांसाठी उलटा उपाय : जुन्या फेंडर चॅम्पच्या 5एफ1 सर्किटमध्ये स्पीकरकडून दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडला (ट्यूबच्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) येणारा 22 किलोओहमचा रेझिस्टर आहे. त्याचं एक टोक सोडवलं की फीडबॅक (सिग्नलचा मागे परत येणारा अंश) जातो; अँप लवकर आणि जास्त ओबडधोबड फुटतो.

बोरूबहाद्दर : हे ‘ओबडधोबड’ टिपून ठेवतो. खालच्या तारांवर तो भसभसतो, त्याला काय म्हणता?

सोल्डरवाला : भसभसणंच. खर्ज जास्त आत गेला की होतं. पहिल्या कॅथोडवरचा 25 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून 1 किंवा 0.68चा लावा, खर्ज आवरेल. मराठी नादशब्द निदानाला फार सोयीचे. बटण फिरवताना खरखर : पॉट (बटणामागचा बदलता रेझिस्टर) मळलाय. साफ करूनही परत आली तर आधीचा कपलिंग कपॅसिटर (दोन टप्प्यांमध्ये डीसी अडवणारा) गळतोय आणि पॉटवर डीसी येतोय. नवा पॉट बसवाल तर तोही खरखरेल. ट्यूबवर पेन्सिलीने टिचकी मारल्यावर किणकिण : ती ट्यूब पहिल्या जागेवरून हलवा.

शुद्धमती : आणि ‘हम’? त्याला मराठी ‘गुंजन’ आहे.

सोल्डरवाला : भुंग्याचं गुंजन. अँप घुमतो. 50 हर्ट्झच्या विजेवर घुमणं 100 हर्ट्झचं असेल तर फिल्टर कपॅसिटर (डीसी गुळगुळीत करणारे) थकलेत, 50चं असेल तर फिलामेंटच्या (ट्यूब तापवणाऱ्या) तारा किंवा अर्थिंग बघा. नवा कपॅसिटर फार मोठा घालू नका. 5वाय3 रेक्टिफायरपुढे (एसीचं डीसी करणाऱ्या ट्यूबपुढे) पहिला 20 मायक्रोफॅरडवर गेला तर ती ठिणग्या टाकते. आणि हात घालण्यापूर्वी : प्लग काढल्यावरही आत 300-350 व्होल्ट राहतात. 10 किलोओहम, 5 वॉटच्या रेझिस्टरने उतरवा आणि मीटरने खात्री करा.

बोरूबहाद्दर : मूळ प्रश्न तसाच आहे. त्यात तपासनिसांनी ‘बायस’चा, म्हणजे ट्यूबच्या स्थिर प्रवाहाच्या जुळणीचा, ‘पूर्वग्रह’ केलाय. वाक्य झालंय : ‘ट्यूब बदलल्यावर पूर्वग्रह तपासावा.’

शुद्धमती : अभिनती!

तारसप्तक : कल. बोलीतला आहे, छोटा आहे.

ऋणाग्र : बायस लिहा, आणि तपासायचा कसा तेही लिहा. 6व्ही6च्या कॅथोडवरच्या 470 ओहमच्या रेझिस्टरवर 20 व्होल्ट मिळाले तर प्रवाह साधारण 42.5 मिलिअँपिअर. ट्यूबमधल्या स्क्रीन जाळीचे अडीच वजा करा, उरले 40. प्लेट (इलेक्ट्रॉन झेलणारं टोक) ते कॅथोड 300 व्होल्ट असतील तर 12 वॉट, म्हणजे 6व्ही6जीटीची जुनी मर्यादा. यापुढे आकडा गेला तर 560चा लावा. 5वाय3 काढून जीझेड34 ही दुसरी रेक्टिफायर ट्यूब घातली असेल तर व्होल्टेज वाढलेलं असणार, तिथे हा हिशेब आधी करा.

नवखा६ : 560चा किती वॉटचा?

ऋणाग्र : लागतो एक वॉटच्या आतबाहेर. 5 वॉटचा घ्या, बोर्डापासून थोडा उचलून बसवा.

शुद्धमती : रोध म्हणा, रोध.