कंबरदुखीला पेन क्लिनिक: गरज की नुसता खर्च?

गेवराईकर
ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या गावांत चाळिशीच्या आतच कंबर जाते. दिवसभर वाकून तोडायचं, मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं. दुखलं की मेडिकलमधून गोळी, तीच वर्षानुवर्षं. पोटात अल्सर होतो, किडनीवर ताण येतो, पण सांगणारं कुणी नाही. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं हा स्वतंत्र आजार मानून तपासणारा डॉक्टर, म्हणजेच पेन क्लिनिक, बीडसारख्या जिल्ह्यात सहज भेटला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. दुखणं स्नायूचं, सांध्याचं की नसेचं, हे आधी ठरवावं लागतं. नसेच्या जळजळीला आणि मुंग्यांना नेहमीची पेनकिलर फारशी लागू पडत नाही, तिथं गॅबापेंटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिनसारखी औषधं देतात. नागीण बरी झाल्यावर मागे राहणारी आग याच प्रकारातली.

मोंढ्यातला लातूरकर
पटलं नाही. क्लिनिकात शिरलं की एमआरआय, ‘मणक्यातली गादी सरकली’ आणि मग मणक्यात इंजेक्शन. कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही गादी फुगलेली दिसते, वय वाढेल तसं जास्तच. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा आराम काही आठवडे, फार तर काही महिने. हमालाने त्यासाठी उचल घ्यायची का? पोत्याचं वजन कमी करा, ते खरं औषध.

गेवराईकर
पोत्याचं वजन कमी झालंच पाहिजे, त्यावर भांडण नाही. पण ज्याची कंबर आज गेलीय त्याला काय सांगणार? ‘आराम कर’ म्हणाल, तर हंगामात कोयता खाली ठेवला की उचल फिटत नाही.

अंबाजोगाईची फिजिओ
इंजेक्शनने दुखणं उतरतं तेवढ्या काळात व्यायाम सुरू झाला तर फायदा टिकतो, नाहीतर पैसे वाया. गुडघ्याच्या झिजेत नसांना उष्णता देऊन बधिर करण्याचा उपाय आहे, रेडिओफ्रिक्वेन्सी म्हणतात. आराम बऱ्याचदा सहा महिने ते वर्षभर, पण झीज भरून येत नाही. त्यामुळे पहिल्या भेटीत फक्त सुईचा दर सांगणाऱ्या ठिकाणी मी कुणाला पाठवणार नाही. चालणं किती वाढलं, झोप लागते का, उदास वाटतं का, हे विचारणारा डॉक्टर हवा. आणि बाजारातल्या बिननावाच्या पुड्या घेऊ नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. आठ दिवसांत माणूस पळायला लागतो, पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. खूप दिवस घेत असाल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवून कमी करा.

मोंढ्यातला लातूरकर
व्यायाम आधी, सुई नंतर, एवढं मान्य. पण मग फिजिओथेरपी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात द्या. खाजगी क्लिनिकांची पाटी कशाला हवी?

परतूरची सून
मधेच विचारते. सासूबाईंची कंबर जुनीच आहे, पण कालपासून पाय लुळा पडतोय आणि लघवी झाल्याचं कळत नाही. जालन्यात पेन क्लिनिक आहे का?

अंबाजोगाईची फिजिओ
ताई, पेन क्लिनिक शोधू नका. मणक्यातल्या नसा दाबल्या गेल्याची ही लक्षणं असू शकतात, उशीर झाला तर पाय कायमचा जाऊ शकतो. आजच, आत्ताच संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात अपघात विभागात न्या आणि लघवीचं कळत नाही हे सगळ्यात आधी सांगा.

मोंढ्यातला लातूरकर
गाडी मिळत नसेल तर १०८ लावा, ताई. वाद आपण नंतर घालू.