मदत हवी आहे: मॉडेलमधले ढग कमी, पण नको तितके चमकदार

नमस्कार मंडळी. एका हवामान मॉडेलमधला ढगांचा प्रारणावरचा परिणाम सेरेसच्या (उपग्रहांवरची प्रारण मोजणारी उपकरणं) नोंदींशी ताडून पाहतोय. जागतिक सरासरी छान जुळते: लघुतरंगात (सूर्यप्रकाश) साधारण उणे ४५ वॅट प्रति चौरस मीटर, म्हणजे थंडावा; दीर्घतरंगात (पृथ्वीची उष्णता) अधिक २५च्या पुढेमागे, म्हणजे ऊब. पण या जुळण्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. उपोष्ण सागरांवरचे खालचे ढग मॉडेलमध्ये चक्क कमी आहेत आणि जे आहेत ते हवे त्यापेक्षा दाट. दोन चुका एकमेकींना झाकतायत, दुसरं काय!

हे सुटं कसं करायचं? ढगाची प्रकाशीय जाडी (तो प्रकाश किती अडवतो त्याचं माप) द्रवजलाच्या सम प्रमाणात आणि थेंबांच्या प्रभावी त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. त्रिज्या १४ मायक्रॉनवरून १० वर आली, तर तेवढ्याच पाण्यात जाडी ४० टक्क्यांनी वाढते. मग आच्छादन, पाणी की त्रिज्या, दोष कुणाच्या माथी मारायचा? मोडिस या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याशी तुलनेसाठी कॉस्प सिम्युलेटर (मॉडेलचे ढग उपग्रहाला कसे दिसतील ते काढणारी प्रणाली) लावलाय. परावर्तन जाडीबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, तेव्हा मासिक सरासरीवर भागेल की तीन-तीन तासांचं आउटपुट लागेलच? डिस्कची आधीच बोंब आहे.

शिवाय ढगांचा परिणाम ज्या निरभ्र आकाशाशी तुलना करून काढतात, त्याचा घोळ आहेच. उपग्रहाला खरोखर ढग नसलेल्या जागाच दिसतात. मॉडेल मात्र ओलावा तसाच ठेवून फक्त ढग काढून टाकतं. एबॅफ या सेरेसच्याच डेटासंचाच्या ४.१ आवृत्तीत यासाठी जुळवून घेतलेले आकडे आहेत. तुम्ही तेच वापरता का?